अस्तंब्याला पाच लिटर तेल

बोदवडच्या माणसाला डोंगर लांबूनच बघायची सवय. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे काळ्या सपाट जमिनीत कपाशी. आमच्या टोळक्याची चढाई म्हणाल तर भुसावळ स्टेशनचा पूल आणि पायी प्रवास म्हणाल तर शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीपर्यंत. अशा लोकांना ट्रेकिंगची बाधा झाली ती मोबाइलच्या दुकानवाल्या मित्रामुळे. त्यानं साठ लिटरची सॅक ऑनलाइन मागवली. सॅक आली म्हटल्यावर डोंगर शोधणं भाग होतं.

कळसूबाईचं नाव निघालं. आमच्यातल्या मास्तरांनी तिथल्या लोखंडी शिड्यांबद्दल ऐकून ते खोडलं. "शिडीवरचा फोटो बायकोनं पाहिला, तर दिवाळीला माळा मलाच साफ करावा लागेल." साल्हेरलाही कुणीतरी फाटा दिला. शेवटी घरचाच, खानदेशातला डोंगर ठरला, अस्तंबा. आता नंदुरबार जिल्ह्यात असला तरी 1998 पर्यंत तो धुळ्याचाच होता. उंची 1325 मीटर. धनत्रयोदशीला तिथं यात्रा भरते. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा या डोंगरात फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर लावायला तेल मागतो, अशी श्रद्धा आहे. मास्तर विज्ञानाचे, ते यावर मोठ्यानं हसले.

टोळक्यातल्या जिनिंगवाल्याचे वडील मात्र हसले नाहीत. "कापूस वावरात उभा आन तू डोंगर चढाले चालला? काहून भो, अठी दम लागत नाही का तुले?"

मग सॅक भरायला घेतली. वर वरण-बट्टीच करायची, यावर दुमत नव्हतं. आमच्याकडे चार माणसं झाडाखाली जमली की बट्टी होते. डोंगरावर तर झाडंच झाडं. जाडं पीठ, तूरडाळ, हिरवी वांगी, मिरच्या, पातेलं, कढई आणि बट्ट्या तळायला तेलाचा पाच लिटरचा कॅन. एवढं भरल्यावर तंबू मावेना, म्हणून तंबू घरी ठेवला. गोवऱ्यांचं पोतं वेगळं. भुसावळला सुरत लाइनच्या गाडीत बसलो, तर समोरच्या आजींनी आमच्या सामानाकडे बघून हळूच विचारलं, "कोन्हाचं कार्य हाये, बापा?"

नंदुरबारला उतरून, तापी ओलांडून तळोद्याला पोचलो आणि यात्रेकरूंच्या मागोमाग अंधारात चढायला लागलो. आमच्या पायांत नवे बूट, डोक्यावर बॅटऱ्या. आदिवासी पोरं रबरी चपलांत, खांद्यावर झेंडा घेऊन, गप्पा मारत आमच्या पुढं निघून जात होती. एकानं पोत्यात काय आहे ते विचारलं. गोवऱ्या म्हटल्यावर त्यानं आजूबाजूच्या जंगलाकडे एकदा आणि आमच्याकडे एकदा पाहिलं, पण सभ्य होता, काही बोलला नाही.

मध्यरात्र उलटली असेल. एका अरुंद वळणावर आम्ही धापा टाकत उभे होतो आणि मागून खोल आवाज आला, "दादा, तेल शे का थोडं?"

कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. मास्तरांनी मागं न बघता, हात जोडून, पाचच्या पाच लिटरचा कॅन मागं सरकवला. बॅटरी लावायचं धाडस दुकानवाल्यानं केलं. शहाद्याकडचे एक म्हातारेबाबा होते. पोटऱ्यांत गोळे आले होते. त्यांनी ओंजळभर तेल चोळलं आणि कॅन परत देऊ केला. मास्तर तो घेईनात. "राहू द्या, तुमचंच आहे," एवढंच म्हणत राहिले.

बोदवडची मंडळी तेल वाटताहेत, ही बातमी आमच्या आधी वर पोचली. मग कुणाचे गुडघे, कुणाची टाच, एका बाईंना तर दिव्यासाठी हवं होतं. उजाडताना शिखराजवळ आलो तेव्हा कॅन उलटा धरला तरी थेंब पडेना. दर्शन झालं. उतरून एका झाडाखाली गोवऱ्या पेटवल्या. बट्ट्या भाजल्या, पण तळणार कशात? कोरडी बट्टी वरणात अर्धा तास बुडवून ठेवावी लागते आणि तरीही जबडा दुखतो. आमच्याकडे जबड्याला चोळायलाही तेल नव्हतं.

अस्तंबा चढण्यासारखा डोंगर आहे, जरूर जा. साठ लिटरची सॅक नको. पाणी, भाकरी-ठेचा आणि तेलाची छोटी बाटली पुरे. एवढं मात्र गंभीरपणे सांगतो: परतताना चांदशैली घाटात मालवाहू गाडीच्या मागं दाटीवाटीनं बसू नका. 2025 च्या यात्रेहून परतताना तिथं तशीच गाडी कोसळून माणसं गेली. पायी उतरा, नाहीतर एसटीची वाट पाहा.