डाएटची पोपटी

"काकी, काल तुमच्या परसात धूर कसला हो? आमचे हे तर खिडकीतच बसून राहिले होते."

"कसला म्हणजे? पोपटी लावली. सुनेचं डाएट चाललंय ना!"

मी हातातली ओली चादर तशीच कुंपणावर टाकली. असलं ऐकायला मिळत असेल तर चादर काय, वाळते कधीतरी.

"अगो, पुण्याहून आल्यापासून तिचं एकच, तेल नको, मसाला नको. पहिल्या रात्री कोंबडीचे तुकडे नुसते उकडले, बरोबर ती ब्रोकोली. केवढ्याला आणली ते विचारू नकोस. मुलगा माझा गुणाचा. मुकाट्यानं जेवला आणि अकरा वाजता चिवड्याचा डबा शोधत बसला. मग म्हटलं, बाई, मागच्या वाडीत वालाच्या शेंगा भरल्यायत, त्या सोडून हे कशाला?"

खरंच आहे. आमच्या अलिबागकडे भात कापलं की जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत शेंगा भरतात, त्याच सुमारास बांधावर भांबुर्डीचा पाला माजतो. पोपटीला तेलाचा थेंब नको की पाण्याचा; बंद मडक्यात शेंगांच्या नि पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं. आता हेच रिसॉर्टवाले ताटाच्या हिशेबानं विकतात आणि वरून बटर सोडतात. पोपटीवर बटर! असो.

"कोंबडी किती घातलीत?"

"एकच, कातडं काढून. सहा माणसांना पुरली, कारण पोट शेंगांनीच भरतं. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ, लिंबू असं दुपारीच चोळून ठेवलं. मडक्याच्या तळाला भांबुर्डी, मग शेंगा, त्यावर जाडं मीठ नि ओवा. मध्ये केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, बाजूनं रताळी, कणगरं, वर परत शेंगा. ठासून भरायचं हो, हलता कामा नये. तोंडात पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं नि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या. अर्ध्याएक तासानं मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं की उतरवायचं."

"हे त्या पलीकडच्या आळीतल्या भाऊजींना सांगा. थर्टी फर्स्टला म्हणे..."

"ऐकलं गो! मडकं आधीच उघडलं, कोंबडी हाडाशी लाल. पाहुणे वडापाव खाऊन झोपले. घाई कुणाला झाली होती, ते सांगू? नको, भिंतीला कान असतात."

"ही भिंत कुठाय, कुंपण आहे."

"मग तर कानच कान!"

मी मिठाचा विषय काढला. काकांना बीपीची गोळी चालू आहे, हे साऱ्या आळीला ठाऊक.

"शेंगा सोलून खायच्या, त्यामुळे बरंचसं मीठ सालावरच राहतं. कोंबडीची मात्र त्यांची वेगळी पुडी बांधली, बिनमिठाची. तर ती नातवाच्या पानात सरकवली नि त्याची आपल्याकडे ओढली. वर मलाच म्हणतात, छान झालीय!"

"आणि सूनबाई?"

"ती? सालांचा ढीग लागला होता पुढ्यात. फोटो काढून मैत्रिणींना पाठवले, खाली लिहिलं, माझी रेसिपी."

माझ्याकडे मडकं नाही, शिवाय सासूबाईंना धुराचा त्रास. काकींकडे त्यालाही उत्तर होतं. जाड बुडाची हंडी घे, तळाला केळीचं पान नि भांबुर्डी, पाण्याचा एक हबका, वर घट्ट झाकण, मंद आचेवर पाऊण तास. हाडाजवळ लाली दिसली तर आणखी ठेव. धुराची चव येणार नाही, पण रोजच्या रश्श्यापेक्षा पोटाला हलकं. बरोबर पांढरा कांदा चिरून घे.

"कांद्याचं नावच काढू नका. २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून माळेचा भाव विचारायची सोय नाही."

"मानांकन कांद्याला मिळालं, मिजास विकणारीला चढली. परवा मला म्हणते, आजी, हात लावू नका! बरं, भांबुर्डी आमच्या बांधावरची ने, पण मुळासकट उपटू नकोस. रविवारी लावशील ना?"

"लावते की. काकांना पाठवा जेवायला."

"त्यांना कशाला? मला हाक मार."