आज फक्त इझी

इझीराव ओळखायला शर्यत सुरू व्हावी लागत नाही. आदल्या दिवशी नुसतं "काय, तयारी कशी?" म्हणून बघा. "छे छे, आपली कुठली रेस! उद्या फक्त इझी. मुंबईच्या आधीचा एक लाँग रन काढायचा." मुंबई म्हणजे जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची फुल मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर. आणि हा जो 'इझी लाँग रन' काढायला ते साताऱ्याच्या लॉजवर उतरलेले असतात, ती असते सातारा हिल हाफ मॅरेथॉन. एकवीस किलोमीटर, त्यात जाताना यवतेश्वरचा घाट. आरामात पळायला घाट शोधणारा माणूस किती आरामात असेल, ते आलंच.

पलंगावर सामान मांडलेलं असतं. कार्बन प्लेटचे महागडे बूट ("पायात बसतायत का बघतोय नुसते"), एनर्जी जेल, मिठाच्या गोळ्या, व्हॅसलीन. बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, लावायचा विधी मात्र पाहण्यासारखा. टी-शर्ट चादरीवर पसरायचा, हाताने सुरकुत्या काढायच्या, चार कोपऱ्यांना चार पिना. मग दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचं. डावीकडची वरची पिन निघते, सूतभर खाली पुन्हा लागते. तेवढ्यात घरून फोन. "अहो, जेवलात का?" "कार्ब लोडिंग चाललंय." "आरामात पळायचंय ना? मग तिसऱ्यांदा भात कशाला?" या प्रश्नाला क्रीडाविज्ञानात उत्तर नाही.

बाकी विज्ञान इझीरावांच्या बाजूने आहे, आणि खरी पंचाईत तीच. मोठ्या शर्यतीआधी एखादी हाफ सावकाश काढावी, पाणी-जेलचा अंदाज घ्यावा, पाय ताजे ठेवून घरी यावं, हे कुठलाही कोच सांगेल. मॅरेथॉनवीर किपचोगेसुद्धा सरावातले बरेचसे किलोमीटर आरामातच काढतो. इझीराव किपचोगेचं नाव घरच्या माणसासारखं घेतात. वय बावन्न, म्हणून २२० वजा ५२, कमाल ठोके १६८. त्याचे सत्तर टक्के म्हणजे साधारण ११८. त्याच्या वर जायचं नाही. घड्याळात तसा अलार्मच लावलाय.

सकाळी पिस्तूल वाजायच्या आधी, नुसत्या गर्दीने आणि ढोलताशाने, ठोके १२१ होतात. घड्याळ कोकलतं. समर्थ मंदिराच्या चढाला १४८. "बोलता येईल एवढाच वेग ठेवायचा," हे वाक्य ते सोबत पळणाऱ्या मला तीन हप्त्यांत ऐकवतात. घाटात धुकं, रिमझिम, समोरच्याची पाठ तेवढी दिसतेय, आणि त्या धुक्यातून कॅनव्हासचे बूट घातलेले, सत्तरीच्या पुढचे एक आजोबा "चला, चला साहेब" म्हणत शेजारून निघून जातात. इझीराव माझ्याकडे बघतात. मग घड्याळाकडे. मग शांतपणे अलार्म बंद करतात. "ओल्याने सेन्सर चुकीचं दाखवतो."

परतीचा रस्ता उताराचा. आता ते जे सुटतात, ते थेट खाली दिसतात. विचारलंत तर कारण तयार : उतारावर ब्रेक लावला की गुडघे जातात, म्हणून सोडून दिलं. शेवटच्या दोनशे मीटरना आजोबा पुन्हा टप्प्यात येतात, आणि इझीराव मान मागे टाकून, दात आवळून, पदरात असेल-नसेल ते सगळं पळतात. ते म्हणे प्लॅनमधलेच स्ट्राइड्स. आजोबा तरीही पुढेच.

वेळ, दोन तास नऊ मिनिटं. "ठरवून दोन-नऊ. ढकललं असतं तर एक-पंचावन्न कुठे गेलं नव्हतं." ही न पळलेली वेळच त्यांची खरी कमाई. पळलेली वेळ चिपमध्ये अडकते, कुणालाही नेटवर सापडते. न पळलेली सुधारता येते. कोजागरीच्या दुधापर्यंत ती एक-पन्नास होते, दिवाळीच्या फराळाला एक-सेहेचाळीस. मी हरकत घेत नाही. चकल्या त्यांच्याकडच्या असतात.

जानेवारीत मुंबईला मी मुद्दाम पेडर रोडच्या चढावर उभा राहिलो. म्हटलं, आज तरी गडी खरा पळताना दिसेल. आले, चालत. मला बघून पळायला लागले. "आज इझीच! कॉम्रेड्सला पात्र होण्यापुरती वेळ आली की झालं."

कॉम्रेड्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली, डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधली, नव्वद किलोमीटरच्या आसपासची शर्यत. तिथे तरी जीव तोडून पळणार ना, म्हणून मी संध्याकाळी विचारलं. ते बर्फाच्या बादलीत पाय सोडून बसले होते. एका अंगठ्याचं नख काळं झालेलं.

"तसं नसतं हो ते. पहिली दोन वर्षं लागोपाठ पुरी केली की बॅक-टू-बॅकचं वेगळं पदक मिळतं. मग पहिल्याच वर्षी उगाच कशाला ढकलायचं?"