डीपीआय आप्पा

आप्पांना तुम्ही एखाद्या लग्नात पाहिलं असेल. पंगत उठली की ते यजमानांच्या कपाटाकडे सरकतात आणि हळूच विचारतात, "जुने अल्बम कुठे ठेवलेत?" सुतकाच्या घरीही त्यांना दहाव्यापर्यंत दम निघत नाही. हार घातलेल्या फोटोकडे बघत ते म्हणतात, "फ्रेममधून काढू नका हं. काचेला चिकटला असला तर ओढताना चेहरा काचेवर राहील. मी काचेसकट स्कॅन करतो." समाचाराला आलेली मंडळी चहाचा कप खाली ठेवतात.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. तेव्हापासून काकूंचं सोवळं सुटलं आणि आप्पांचं सुरू झालं. सुती हातमोजे, मऊ फडकं, धूळ उडवायचा रबरी फुगा. टेबलाजवळ भज्यांची बशी आणलेली चालत नाही. ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम दिसले की त्यांचा रक्तदाब वाढतो. मग ते डेंटल फ्लॉस मागतात. यजमानीणबाईंना वाटतं, दातात काही अडकलं. आप्पा तो दोरा फोटोच्या पाठीमागून करवतीसारखा फिरवून फोटो अलगद सोडवतात.

"३०० डीपीआयला काही अर्थ नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला, की २४०० गुणिले ३६०० पिक्सेल आणि टिफमध्ये साधारण २६ एमबी. कुणी "आप्पा, व्हॉट्सॲपवर टाका ना" म्हटलं की ते दुखावतात, कारण तिथे फोटो दाबून बारीक होतो. म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवतात. भाचेमंडळींचे फोन भरतात आणि ती न उघडताच नमस्काराचे हात पाठवतात. आप्पांचं म्हणणं तंतोतंत बरोबर असतं, हाच त्यांच्याबरोबर राहण्यातला खरा त्रास.

त्यांना फोटोत माणसं दिसतच नाहीत. आजोबांच्या काळ्या कोटावर आरशासारखी चमक आलेली दाखवून ते म्हणतात, "चांदी वर आलीय बघ." वहिनींच्या लग्नाचा रंगीत फोटो तांबूस पडलेला. आप्पांनी निकाल दिला, की त्यातला निळसर रंग आधी उडाला. त्यांनी रंग दुरुस्त केले आणि घराण्यात प्रसिद्ध असलेला डाळिंबी शालू मोरपंखी निघाला. वहिनी म्हणाल्या, "मोरपंखीच होता हो. पण फोटोत इतकी वर्षं डाळिंबी दिसायला लागल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं."

खरी अडचण नावांची. ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या एका रोलात १२ फोटो बसत, म्हणजे अख्खी मुंज बारा फोटोंत उरकायची. त्यातल्या एकाच्या मागे फक्त 'चि. बंडूची मुंज' लिहिलेलं. साल नाही, गाव नाही आणि घराण्यात बंडू चार. मग आप्पा लॅपटॉप घेऊन ताईआत्याकडे जातात. आत्या चेहरे ओळखत नाही, दागिने ओळखते.

"दुसऱ्या ओळीत गोठ घातलेली कोण?"

"ते गोठ माझ्या आईचे. मुंजीपुरते नेले, आजतागायत परत आले नाहीत."

आप्पा हे सगळं इमानेइतबारे टाइप करतात. रात्री घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल येते: 'बंडू-मुंज-ओळ-२-गोठ-परत-न-केलेली.टिफ'. ही एकच फाइल सगळ्यांनी उघडली. गोठवालीच्या नातवाने सकाळी ग्रुप सोडला, सोडण्याआधी ताईआत्याच्या घरच्या वाटणीचा इतिहास लिहून. त्याला उत्तर म्हणून नागपूरच्या काकांनी तीन पानी मजकूर टाकला. दोघांनीही आप्पांना आपापल्या बाजूने साक्ष द्यायला बोलावलं.

आप्पांनी नातवाला फोन केला. "ते गोठ राहू दे रे," ते म्हणाले, "त्या फोटोची निगेटिव्ह तुमच्याकडे आहे का?"