होस्टिंगचा सातबारा: मुळशीकर नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य: एक मोबाइल, विकायला थोडा आंबेमोहर किंवा भाड्याने द्यायला दोन खोल्या, आणि कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं ज्याच्याबद्दल घरादाराचं एकमत आहे असा एक भाचा. वीज असल्यास उत्तम.

उमेदवाराने आधी न्यूनगंड टाकून द्यावा. आयटी पार्कवालं हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं. तिथली पोरं परदेशातल्या बँकांचे सर्व्हर सांभाळतात आणि ताम्हिणीच्या वळणावर आपल्या फोनला रेंज नसते, तरी तालुका एकच. शिवाय मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. तेव्हा मुंबईच्या सर्व्हरवर जागा घेताना उगाच भिडस्तपणा नको.

होस्टिंगचा विषय मुळशीकराला इतरांपेक्षा लवकर कळावा, कारण इथल्या पोराला बाराखडीच्या आधी सातबारा वाचता येतो. 'शेअर्ड' होस्टिंग म्हणजे सामाईक गट: एका सर्व्हरवर शेकडो खातेदार, आणि त्यातल्या एकाने भलत्याच मेल पाठवायला सुरुवात केली की सगळ्यांच्याच मेल लोकांच्या स्पॅममध्ये. 'व्हीपीएस' म्हणजे मोजणी करून कुंपण घातलेला पोटहिस्सा. आत काय पेरायचं ते तुमचं तुम्ही बघा, तण काढायला कोणी येणार नाही. 'डेडिकेटेड' म्हणजे अख्खा गट आपल्या नावावर. 'क्लाउड' खंडाने: जेवढं वापराल तेवढं द्याल, आणि किती वापरलं ते महिनाअखेरीस बिल आल्यावर समजेल.

तुम्हाला सामाईक गट पुरतो. हे वाक्य विकणारा कधीच बोलणार नाही, म्हणून इथे छापलं आहे. हिशेब करून बघा. खोल्यांचे फोटो, दर, फोन नंबर आणि पौडच्या पुढे कुठे वळायचं एवढा मजकूर असलेलं पान 2 एमबीचं धरलं आणि महिन्याला 3,000 माणसांनी ते उघडलं, तर 6 जीबी झाले. एवढं सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्येही बसतं. साइट रखडते ती बहुधा फोटोंमुळे. धबधब्याचा मोबाइलने काढलेला 5 एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवायचा आणि मग महागडा प्लॅन घ्यायचा, ही पद्धत लोकप्रिय आहे. फोटो 200 केबीपर्यंत आणणं फुकट असल्याने त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

आता जाहिरात वाचायला शिका. मोठ्या अक्षरातला महिन्याचा दर बऱ्याचदा तीन-चार वर्षांचे पैसे एकरकमी भरणाऱ्यासाठी असतो. त्यावर 18 टक्के जीएसटी. मुदत संपल्यावरचा नूतनीकरणाचा दर खाली बारीक अक्षरात, आणि खरा दर तोच. 'अनलिमिटेड' दिसलं की अटींमध्ये फायलींची संख्या किती ते शोधा. अमर्यादाची मर्यादा तिथे आकड्यात लिहिलेली सापडते. '99.9 टक्के अपटाइम' ऐकायला गोड आहे. वर्षाचे तास 8,760, त्यातला हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी कंपनीने शब्द पाळला. ते पावणेनऊ तास जुलैतल्या शनिवारी यायचे की फेब्रुवारीतल्या मंगळवारी, हे ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. 'एसएसएल'चे, म्हणजे साइटच्या सुरक्षिततेच्या कुलपाचे, वेगळे पैसे मागितले तर उठून या. 'लेट्स एन्क्रिप्ट'मुळे ते कुलूप जवळपास दहा वर्षं फुकट मिळतंय.

सर्व्हर कुठे आहे ते जरूर विचारा. गिऱ्हाईक कोथरूडचं, खोली ताम्हिणीची, आणि खोलीचा फोटो मात्र अमेरिकेहून येतोय, असा द्राविडी प्राणायाम कशाला? अॅमेझॉनची मुंबईतली सर्व्हरवस्ती 2016 पासून आहे आणि मायक्रोसॉफ्टने तर त्याआधीच पुण्यात बस्तान बसवलं. मुंबई किंवा पुणे मिळत असेल तर तेच घ्या.

साइटच्या नावाचा घोळ वेगळा. पौड रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात, हिंजवडीच्या पाट्यांवरही एकमत नाही. देवनागरीत .भारत हे डोमेन 2014 पासून मिळतं आणि तिथे स्पेलिंगचा तंटाच मिटतो. पण त्याच नावाचा ईमेल पत्ता अनेक फॉर्म अजून स्वीकारत नाहीत, म्हणून जोडीला एक रोमन नाव असू द्या.

आता भाच्याकडे वळू. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि 'मामा, तुम्ही टेन्शन घेऊ नका' असं म्हणून त्याने दोन्ही स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने घेतलेल्या असतात. म्हणजे पैसे तुमचे, कसणारे तुम्ही, आणि उताऱ्यावर नाव भाच्याचं. जमिनीच्या बाबतीत हे कळलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी तलाठ्याकडे धावला असता. इथे मात्र लोक चहा पाजतात. भाच्याच्या मनात पाप नसतं. तो फक्त नोकरी बदलतो, जुना नंबर बंद करतो, आणि मुदत संपल्याची सूचना कोणी न उघडणाऱ्या मेलमध्ये पडून राहते. साइट काढायची कल्पना आपल्याला दरवर्षी पहिल्या पावसात सुचते. त्यामुळे वर्षाची मुदतही पहिल्या पावसातच संपते, ऐन हंगामात. .कॉम नाव मुदतीनंतरचे सवलतीचे दिवस उलटून सोडवणुकीच्या 30 दिवसांत गेलं की मूळ किमतीच्या कितीतरी पट दंड भरावा लागतो. त्यानंतर ते कोणालाही घेता येतं, आणि घेणारा सहसा आंबेमोहर विकत नाही.

म्हणून फेरफार करून घ्या. डोमेनच्या खात्यात मालक म्हणून तुमचं नाव, तुमचा ईमेल, आणि ओटीपी तुमच्याच फोनवर. होस्टिंगचं खातंही तसंच. पासवर्ड वहीत लिहिला तरी चालेल, वही मात्र भाच्याकडे नको. साइटची एक प्रत महिन्याला घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. कंपनी ठेवते ती बॅकअप बऱ्याचदा त्याच कंपनीबरोबर बुडते. कंपनीच बदलायची असेल तर भाच्याकडून डोमेनचा ट्रान्सफर कोड मागा. नोंदणीला 60 दिवस व्हायच्या आत .कॉम हलवता येत नाही, तेव्हा कालच घेतलं असेल तर थांबा. जुनं असेल तर आजच फोन लावा. तो हिंजवडीत असेल आणि संध्याकाळचे सहा वाजले असतील, तर 'घरी ये, समोर बसून करू' असं मुळीच म्हणू नका. माण-घोटवडेमार्गे तो पौडला पोहोचेपर्यंत मुदत संपेल.