गारांनाही शत्रू माना

१५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून ‘मिशन सुदर्शन चक्र’ जाहीर झालं. २०३५पर्यंत देशाला हवाई कवच! त्रिवार अभिनंदन. मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेच्या शेतकऱ्याला आभाळाची भीती असते ती मात्र गारांची. फेब्रुवारी २०१८मध्ये त्याच्या बुलढाणा जिल्ह्यात गारांनी उभी पिकं झोडपली. त्याच वर्षी ऑक्टोबरात हवाई संरक्षणाच्या एस-४०० क्षेपणास्त्रांचा करार झाला, म्हणजे शासनाने दखल घेतलीच म्हणायची. आता एवढंच करावं: गारेला शत्रूचं अस्त्र घोषित करून रडारवर घ्यावं. पाडण्यापूर्वी पंचनामा अर्थातच आवश्यक. तलाठी येईस्तोवर गारांनी हवेतच थांबावं आणि आधार, पासबुकाच्या झेरॉक्स सोबत ठेवाव्यात. ई-केवायसी झालेल्या गारांनाच प्राधान्य.