हूऱ्यात इंग्रजी स्पेलिंग शिकवण्याची दृक्-साधने

इंग्रजी व्याकरण आणि स्पेलिंग शिकवण्याच्या दृक्-साधनांचे दोन प्रकार आहेत: विकतची आणि रस्त्यावरची.

विकतचा तक्ता हॉलच्या भिंतीवर लावावा. बहरीनच्या मनामातल्या हूरा भागात बहुतेकांची भिंत भाड्याची असते, म्हणून खिळ्याऐवजी चिकटपट्टी वापरावी. एसीच्या वाऱ्याने ती सुटली की क्रियापदांचा भूतकाळ जमिनीवर वाचावा. ‘नाइफ’मधला अनुच्चारित ‘के’ लाल शाईने रंगवण्याची प्रथा आहे; मूल मग तेवढाच ‘के’ ठणकावून उच्चारते. आर्टिकल चित्राने शिकवणे त्याहून कठीण. ‘अ मँगो’ आणि ‘द मँगो’ यांची चित्रे सारखीच दिसतात. दुसऱ्याकडे पाच-सहा बाण काढले, तर मुलाला जखमी आंबा दिसतो.

प्रीपोझिशनसाठी टेबलाखालचे मांजर आता पुरे झाले. गुरुवारी रात्री खिडकीतून एक्झिबिशन रोड दाखवावा. फुटपाथवर, दोन गाड्यांच्या मध्ये आणि ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली, सगळीकडे गाड्याच असतात.

पाट्यांकडे वळताना आधी ‘पी’ आणि ‘बी’ घ्यावेत. प्रमाण अरबीत ‘प’ नाही. त्यामुळे हाताने रंगवलेल्या पाटीवर ‘पार्किंग’चे ‘बार्किंग’ झालेले आढळल्यास ती जागा भुंकण्यासाठी राखीव समजावी. वेगळे चित्र काढण्याचा खर्च वाचतो. मग ‘सेंटर’. बहरीन १९७१पर्यंत ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते आणि आज शेजारच्या जुफैरमध्ये अमेरिकेच्या पाचव्या आरमारी ताफ्याचे मुख्यालय आहे. शब्दाच्या शेवटी ‘आर-ई’ की ‘ई-आर’, हा प्रश्न त्यामुळे परराष्ट्र धोरणात जातो. पालकांनी तटस्थ राहावे.

सहलीसाठी १९९०मध्ये उघडलेले बैत अल कुराण हे संग्रहालय हूऱ्यातच आहे. तांदळाच्या दाण्यांवर कोरलेला मजकूर तिथे भिंगातून पाहायला मिळतो. एवढ्याशा दाण्यावर सगळी अक्षरे मावतात, मग दुकानाच्या लांबरुंद पाटीवर एक ‘ई’ का मावत नाही, असे मुलाने विचारल्यास आइस्क्रीम घेऊन द्यावे.

शेवटी परीक्षा घ्यावी. घराचा पत्ता लिहायला सांगावा. ‘हूरा’ कुणी ‘डबल ओ’ने लिहील, कुणी ‘यू’ने. दोघांनाही पूर्ण गुण द्यावेत. बहरीनमध्ये घर सापडते ते इमारत, रस्ता आणि ब्लॉक यांच्या क्रमांकांवरून.