समुद्राचा नियम एकच

प्रत्येक कुटुंबात होडी ठरवणारा एक माणूस असतो. बाकीचे खोल्या ठरवतात, गाडी ठरवतात, रात्री सुरमई की बांगडा यावर वाद घालतात. हा फक्त होडी ठरवतो. पण एकदा होडी ठरली की खोल्या, गाडी, सुरमई सगळं तिच्या वेळापत्रकाला बांधलं जातं. आमच्याकडे हा मान अप्पाकाकांचा.

काका कराडचे. कराडच्या माणसाला समुद्र बघायचा तर आधी घाट उतरावा लागतो, पण काकांना ही अडचण वाटत नाही. "आम्ही प्रीतिसंगमावर वाढलेली माणसं. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात. असा संगम दुसरा दाखवा!" शिवाय तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेली. म्हणजे पाणी हा घरचाच विषय. फरक एवढाच की ते पाणी कालव्यातलं होतं. सोडा म्हटलं की सुटायचं, बंद करा म्हटलं की थांबायचं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे काका कमरेवर हात ठेवून उभे राहतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "हजारेक क्युसेक असेल." त्या वेळी भरतीचं पाणी उलटं नदीत घुसत असतं, तरीही.

भाऊबीज आटोपली की दोन दिवसांनी आमची मोहीम देवबागला असते. तारीख काका ठरवतात. पहिला दिवस मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याचा. तिथे सगळ्यांबरोबर मोठ्या होडीतून जावं लागतं, त्यामुळे काकांचा चेहरा जरा उतरलेला असतो. 25 नोव्हेंबर 1664 ला बांधकाम सुरू झालं आणि 1667 ला पुरं झालं, हे ते मुलांकडून पाठ म्हणून घेतात. तटबंदी, बुरूज, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा हे सगळं झपाट्याने उरकतात. मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. इथे मात्र काका हलत नाहीत. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याच्या विहिरी! प्रत्येक विहिरीत वाकून बघतात, कठड्यावर प्रेमाने हात फिरवतात. "याला म्हणतात पाणी." काकांना पाणी आवडतं ते असं, भोवती कठडा असलेलं.

खरी मोहीम दुसऱ्या दिवशी. रात्रीच कालनिर्णय काढून गणित मांडलं जातं. "तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ हातात. उद्या चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला सुकती." हे गणित किनाऱ्यावरच्या कोणाही तांडेलाला तोंडपाठ असतं आणि काकांनीही ते तिथेच उचललंय, पण सांगतात असं, की चंद्राची नेमणूक आपल्या सहीने झाली असावी.

धाकटी पुतणी दरवर्षी विचारते, "नक्की तीन की पावणेतीन?"

"तीन. चार पाऊणे तीन."

"म्हणजे पावणेतीनच ना!"

पंधरा मिनिटांचा हा घोळ दरवर्षी अर्धा तास चालतो.

होडी नेहमीची. लहानशी फायबरची, मागे इंजिन. तांडेलही नेहमीचाच, बोलणं बेताचं. काका त्याच्याशी किनाऱ्यावर घासाघीस करून दोनशे रुपये कमी करून घेतात आणि उतरताना "पोरांच्या खाऊला" म्हणून अडीचशे देतात. या व्यवहारात आपण जिंकलो असं दोघांनाही वाटतं.

मग बसायचा कार्यक्रम. "वजन बघून बसा!" काका एकेकाला हाताला धरून जागा नेमून देतात. मालूकाकूंना बरोब्बर मधोमध. इतक्या वर्षांत त्यांना कडेला बसून पाण्यात हात घालायला मिळालेला नाही. "माझं वजन खात्याला कळवलंय का हो?" असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. काकांनी उत्तर दिलं नाही. ते शिट्ट्या तपासत होते. प्रत्येक लाइफ जॅकेटची शिट्टी ते वाजवून बघतात. तोवर किनाऱ्यावरचे कुत्रे जमा होतात.

आणि नियम. "समुद्राचा नियम एकच," काका बोट वर करतात, "उपाशीपोटी होडीत चढायचं नाही." अर्ध्या तासाने, "समुद्राचा नियम एकच. भरल्या पोटी चढायचं नाही." पुढे कधी तरी, "समुद्राचा नियम एकच. दुपारचा खारा वारा सुटायच्या आत परत." असे एकुलते एक नियम मी आजवर चौदा मोजले आहेत. त्यातला अत्यंत महत्त्वाचा म्हणजे समुद्राकडे पाठ करायची नाही. हा ते आम्हाला होडीच्या नाळेवर समुद्राकडे पाठ करून बसूनच सांगतात, कारण त्यांना आमच्यावर लक्ष ठेवायचं असतं. दर पाच मिनिटांनी बोट फिरवून डोकी मोजतात. "सात. ठीक."

संगमाजवळ वाळूचं एक बेट आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर वर आलं असं लोक सांगतात, म्हणून त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. तिथे चहा, भजी, पाण्यावर धावणाऱ्या स्कूटर, सगळं मिळतं. मुलं आशेने तिकडे बघतात. "सगळे जातात तिथे आपण कशाला?" काका म्हणतात, आणि तांडेलाला पलीकडे वळायला सांगतात. पलीकडे भोगव्याचा लांबलचक किनारा दिसत असतो. पण काकांना त्याच्याही अलीकडचा, पाणी उतरल्यावर उघडा पडणारा वाळूचा एक पट्टा हवा असतो. त्याला नाव नाही. तिथे झाड नाही, टपरी नाही, सावली नाही. "हे आपलं बेट," काका म्हणतात.

गेल्या दिवाळीत साडेसातला तिथे उतरलो. वाळूवर खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी घातली होती. पोरं शंख वेचत होती आणि शंख पाय काढून पळत होते. आठ वाजता तांडेल म्हणाला, "काकानू, पाणी सुकता हा. निघाया."

"अजून तास आहे. गणित केलंय मी."

पाच मिनिटांनी, "होडी बसतली हां."

"आपल्याला घाई नाही," असं म्हणून काका पोरांना खेकड्याची बिळं दाखवायला पार दुसऱ्या टोकाला गेले. सव्वाआठला परतले तेव्हा होडी वाळूवर एका कुशीवर कलंडून पडली होती. सातजणांनी जोर लावला. ती हलली नाही. तांडेलाने शांतपणे नांगर काढून वाळूत रोवला आणि बिडी पेटवली.

मी घड्याळ बघितलं, दादाने मोबाइल बघितला, मालूकाकूंनी काकांकडे बघितलं. शेवटची नजर सगळ्यात कडक होती. मग त्यांनीच डबा उघडला. दिवाळीचे उरलेले बेसनलाडू आणि चिवडा, त्यात थोडी वाळू.

तेवढ्यात खुबे वेचायला आलेल्या दोन बायका गुडघाभर पाण्यातून चालत आल्या. कलंडलेली होडी आणि तिच्याभोवती नारिंगी जॅकेटं घालून चिवडा खाणारं कुटुंब त्यांनी नीट बघून घेतलं.

"खयसून इलास?"

"कराड," काका म्हणाले.

"चलत?"

मालूकाकूंना ठसका लागला तो थांबेना.

आम्ही हसत होतो तेव्हा काकांनी एक गोष्ट केली. लाइफ जॅकेटचे बंद सोडले, ते अंगावेगळं करून उशाला घेतलं आणि वाळूवर आडवे झाले. दोन मिनिटांत घोरू लागले. होडीत बसल्यापासून त्यांच्या मानेची शीर ताठ असते, ती सैल पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दीड तास कोणी डोकी मोजली नाहीत. पोरं मनसोक्त भिजली. मालूकाकू कडेला बसून पाण्यात पाय सोडून होत्या.

तांडेल माझ्याशेजारी येऊन बसला. "दर वर्साक हयच होडी बसता," तो म्हणाला. "आनि दर वर्साक चवथच असता."

मी मनातल्या मनात पाऊणकी म्हणून बघितली. चार पाऊणे तीन. तीनला भरती, नऊला सुकती. गणित अगदी बिनचूक होतं.

पावणेदहाला होडी तरंगली. काका उठले, जॅकेट चढवलं, बंद दोनदा आवळले आणि नाळेवर समुद्राकडे पाठ करून बसले. इंजिन सुरू झालं. "सात. ठीक."

"आठ," पुतणी म्हणाली. "आजोबा, तुम्ही स्वतःला धरतच नाही."

"मी कुठे जातोय?" काका म्हणाले, आणि दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली.